रुग्णालयांच्या भागीदारीने प्रतिरोधी जंतू आटोक्यात येतील का?

प्रश्न : प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा सामना करण्यासाठी दोन देशांतील रुग्णालये आपसांत करार करतात, असे वाचनात आले. श्रीमंत देशातील डॉक्टरांनी चार दिवस येऊन व्याख्याने द्यावीत आणि परत जावे, याहून त्यात अधिक काही असते का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अशा भेटी होतात आणि त्यांतून छायाचित्रांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. मात्र नीट आखलेल्या भागीदारीत व्याख्यानांचा वाटा लहान असतो. गरीब देशांना प्रतिरोधी जंतूंवर नजर ठेवण्यासाठी मदत करणाऱ्या, ब्रिटन सरकारच्या फ्लेमिंग फंडाच्या पैशातून २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रकुल देशांमधील उपक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पहिल्या टप्प्यात घाना, युगांडा, टांझानिया आणि झांबिया या देशांतील रुग्णालयांची ब्रिटनमधील आरोग्यसंस्थांशी सांगड घालून १२ भागीदाऱ्या उभ्या राहिल्या. पुढे केनिया, मलावी, नायजेरिया आणि सिएरा लिओन यांचीही भर पडली. या उपक्रमात फार्मासिस्टना मध्यवर्ती स्थान दिले गेले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण कोणते औषध कोणाला आणि किती दिवस जात आहे, हे त्यांच्या नजरेखालून रोज जात असते.

कामाची सुरुवात मोजणीने होते. ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजता वॉर्डात दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर उघडून, प्रतिजैविक चालू आहे का, ते देण्याचे कारण लिहिले आहे का, फेरविचार कधी करायचा याची नोंद आहे का आणि तपासणीसाठी नमुना पाठवला होता का, हे पाहिले जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी संसर्ग टाळण्यासाठी दिलेले औषध शस्त्रक्रिया संपल्यावर पुढे चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितले आहे. केसपेपरवर मात्र तेच औषध, कारणाचा रकाना कोरा ठेवून, पाच-पाच, सात-सात दिवस चालू राहिलेले दिसते. याचा सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे योग्य नाही. ज्या वॉर्डात हात धुण्यासाठी पुरेसे पाणी नाही, तेथे शल्यचिकित्सक औषधाचा आधार घेणारच.

त्यामुळे चांगल्या भागीदारीत औषधांच्या आधी हातांच्या स्वच्छतेचा विचार होतो. हातांना लावायचे अल्कोहोलयुक्त द्रावण रुग्णालयातच तयार करता यावे, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची खुली कृती उपलब्ध आहे. तिच्यातील एका प्रकारात ८० टक्के इथेनॉल असते, शिवाय थोडे ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड हातांवरील जंतूंसाठी नसून द्रावणात किंवा बाटलीत राहून गेलेले बीजाणू (जंतूंची टणक, सुप्त रूपे) नष्ट करण्यासाठी घातलेले असते, म्हणूनच भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवून मगच वापरायला काढतात.

दुसरा नाजूक दुवा प्रयोगशाळेचा. रक्ताचा नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यायला हवा, आणि दोन-तीन दिवसांनी अहवाल पाहून औषध बदलायचे, कमी करायचे की थांबवायचे, हे ठरायला हवे. अहवालच रुग्ण घरी गेल्यावर हाती येत असेल, तर डॉक्टर नमुने पाठवणे सोडून देतात. नमुने आले नाहीत की प्रयोगशाळेचा हात बसत नाही, आणि त्या परिसरात कोणता जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाही, हे कोणालाच कळत नाही. ही साखळी जुळवण्यासाठी बाहेरचा सहकारी उपयोगी पडतो, कारण स्थानिक वरिष्ठांना जे सांगण्यास कनिष्ठ कर्मचारी कचरतात, ते तो आकडे समोर ठेवून सांगू शकतो.

प्रश्न : यात श्रीमंत देशातील रुग्णालयाचा काय लाभ?

उत्तर : प्रतिरोधी जंतू प्रवाशांबरोबर आणि रुग्णांबरोबर सरहद्द ओलांडतात, त्यामुळे दूरच्या वॉर्डातील माहिती त्यांच्याही कामाची असते. शिवाय तपासण्यांची रेलचेल नसताना रुग्णाला तपासून निर्णय कसा घ्यावा, हे त्यांच्या कर्मचाऱ्यांना शिकायला मिळते.

प्रश्न : निधी संपल्यावर हे सारे कोलमडत नाही का?

उत्तर : काही भाग कोलमडतो. ब्रिटन सरकारने २०२५ मध्ये फ्लेमिंग फंडाचे अर्थसाहाय्य थांबवत असल्याचे जाहीर केले. जेमतेम वर्षभर आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्व देशांनी जिवाणूंच्या प्रतिरोधाशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवण्याचे मान्य केले होते. २०१९ मध्ये अशा मृत्यूंची संख्या अंदाजे ४९ लाख ५० हजार होती, आणि त्यांपैकी १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधामुळे झाले. उद्दिष्ट ठरवायचे आणि पैसा काढून घ्यायचा, हा व्यवहार मला तरी उमगत नाही.

तरीही सगळेच वाहून जाते असे नाही. केसपेपरवर छापलेला फेरविचाराचा रकाना, नेमाने बैठक घेणारी औषध समिती आणि फार्मासिस्टच्या ठरलेल्या कामांत समाविष्ट झालेली वॉर्डातील फेरी यांना परदेशी पैसा लागत नाही. सर्वांत आधी अडते ते प्रयोगशाळेत : कल्चरच्या (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या) बाटल्या, औषधसंवेदनशीलता तपासण्याच्या चकत्या आणि यंत्रांची देखभाल प्रकल्पाच्या खर्चात धरलेली असते. या वस्तूंचा खर्च कोणत्या वर्षापासून रुग्णालयाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात येणार, हे करारावर सही होण्यापूर्वीच लिहून घ्यावे; तसे लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर लहान प्रमाणात, परवडेल तेवढ्याच तपासण्यांनी आरंभ करावा.