मुंबईत दोघांचे दोन दिवस

मुंबई ओळखीची आहे म्हणून नातेवाइकांकडे उतरू नका, दोन्ही दिवस पाहुणचारातच जातील. पुण्याहून शनिवारी डेक्कन क्वीन पकडा आणि मुक्काम चर्चगेट-फोर्टकडेच ठेवा. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, उपनगरात राहिलात तर हाल होतील.

ओव्हल मैदानाला मात्र निवांत वेळ द्या. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरचा दगडी थाट, समोर गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या सुमाराच्या शैलीतल्या इमारती. २०१८ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात घेतला. मला तरी मुंबईतली सगळ्यात देखणी जागा हीच वाटते. घारापुरीची लेणी या खेपेला सोडा, लाँचच्या येण्या-जाण्यातच निम्मा दिवस मोडतो. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवरून चालत गिरगावात या, मिसळ खा, मग खोताची वाडी ही जुन्या घरांची वस्ती बघा.