टेमा बंदरात रुजू होण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

घानात मासेमारीवर देखरेख करताना तुझ्यासमोर सगळ्यात आधी जहाजांच्या हालचाली दाखवणारा उपग्रहाचा नकाशा येईल. तो बघ, पण त्यावर विसंबू नकोस. तिथल्या लाकडी होड्यांवर सहसा ट्रान्सपाँडर (जहाजाचं ठिकाण कळवणारं यंत्र) नसतो आणि खरा घोळ ट्रॉलर व होडी यांच्यामध्येच होतो. त्याला तिथे ‘सैको’ म्हणतात. ट्रॉलर मासे गोठवून त्यांच्या लाद्या करतात आणि भर समुद्रात मोठ्या होडीत उतरवतात. कायद्याने हे बंद आहे. तरी 2017 मध्ये असे सुमारे 1,00,000 टन मासे उतरल्याचा अंदाज होता. हा माल बंदराच्या नोंदीत येत नाही, त्यामुळे साठ्याचं गणितच चुकतं. सार्डिनेलाची, म्हणजे आपल्या तारलीच्या भावंडांची, पिल्लंही त्यातच जातात.

जाळं ओढणारा ट्रॉलर साधारण 3-4 नॉट वेगाने चालतो. तो तासभर जवळपास जागेवरच थांबलेला दिसला, की सैकोचा संशय धरून त्या फेरीचं लॉगबुक आणि उतरलेला माल शेजारी ठेवून ताळा घे.

ट्रॉलरवर नेमलेल्या निरीक्षकाच्या एकट्याच्या साक्षीवर खटला उभा करू नकोस. 2019 मध्ये एक निरीक्षक ट्रॉलरवरून बेपत्ता झाला. निरीक्षकाचा पगार जहाजमालकाकडून येत असेल, तर आधी ते बदलायला लाव.

2025 च्या कायद्याने होड्यांसाठी राखीव पट्टा 6 वरून 12 सागरी मैलांवर नेला. फार चांगलं झालं, पण आता दुप्पट रुंदीवर गस्त लागेल. घुसखोरी पकडलीस, तर परवान्यावरच्या स्थानिक कंपनीपाशी थांबू नकोस. नफा परदेशात कुणाकडे जातो ते शोध, नाहीतर दंड तडजोडीत विरघळतो.

किनाऱ्यावर मंगळवारी जा. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी समुद्रात न जाण्याची प्रथा आहे. होड्या वाळूवर असतात, जाळी सांधणं चालू असतं. ओल्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्यातलं छिद्र, ताणून मोज, सलग 20 आस, मग सरासरी काढ. एकाच आसावरून कुणाला दोषी ठरवू नकोस, जाळं वापराने ओढलं जातं.

आणि कोन्कोहेमाला, मासळी विकणाऱ्या बायकांच्या प्रमुखीला, नक्की भेट. कित्येक होड्यांचं इंधन या बायकांच्या उधारीवर चालतं, त्यामुळे होड्यांची मासेमारी बंद ठेवली, की पहिला फटकाही त्यांनाच बसतो. तिच्याकडे इतर दिवशी, होड्या किनाऱ्याला टेकायच्या आधी जा. नंतर तिला बोलायला सवड नसते.