सूर्याचे फोटो वाचताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सूर्यावर सतत नजर ठेवणाऱ्या नासाच्या एसडीओ यानाच्या फोटोंत सूर्य कधी सोनेरी, कधी लाल, कधी निळसर-हिरवा दिसतो. खरा रंग कोणता?

यातला एकही नाही. यानावरच्या एआयए दुर्बिणी मुख्यतः अतिनील किरण टिपतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. तरंगलांबी पटकन ओळखता यावी म्हणून रंग नंतर चढवतात. १७१ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) सोनेरी असतो. सुमारे सहा लाख अंशांच्या प्लाझ्माची (विद्युतभारित तप्त वायूची) चुंबकीय वेटोळी त्यात रेखीव दिसतात. ३०४ लाल असतो, तो साधारण पन्नास हजार अंशांच्या हेलियमचा. निळसर-हिरव्या १३१ मध्ये सौरज्वालेतला कोटीभर अंशांचा प्लाझ्मा उठून दिसतो. म्हणून १७१ मधली काळी जागा थंडच असेल असं धरू नका. तीच जागा १३१ मध्ये झगझगत असेल, तर तिथला प्लाझ्मा १७१ च्या आवाक्यापलीकडे तापलेला आहे.

प्रश्न: काही दिवस रोज थोडा वेळ सूर्याचा लचका तोडल्यासारखे फोटो येतात, मग पूर्ण काळे. यान बिघडलं का?

नाही, मधे पृथ्वी येते. एसडीओ भूसमकालिक कक्षेत, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात पृथ्वीभोवती फिरतं, त्यामुळे वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे, त्याला रोज ग्रहण लागतं. सर्वांत लांब ग्रहण ७२ मिनिटांचं. काळ्या भागाची कड धूसर असेल तर ती पृथ्वी, कारण वातावरण अतिनील किरण हळूहळू गिळतं. कड सुरीनं कापल्यासारखी असेल तर चंद्र. ग्रहण सुटल्यावर एचएमआयच्या (सूर्याचा पृष्ठभाग आणि त्यावरचं चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या उपकरणाच्या) दुर्बिणीचं तापमान पूर्ववत होईपर्यंत तिचे फोटो अस्पष्ट येतात. सौरडागांची मापं त्या फोटोंवरून घेऊ नयेत.

सोहो (नासा आणि युरोपीय अंतराळ संस्थेचं) आणि आदित्य-एल१ (इस्रोचं) या सूर्यनिरीक्षक यानांना ही अडचण नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवती ती फिरतात; तिथे यान पृथ्वीच्या जोडीनंच सूर्याभोवती फिरत राहतं. नेमक्या बिंदूवर यान ठेवलं, तर पृथ्वीवरचा अँटेना थेट सूर्याकडे रोखावा लागेल आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात यानाचा संदेश बुडेल.

प्रश्न: सोहोच्या फोटोंवरून सीएमईचा (सूर्यातून उसळून बाहेर फेकल्या जाणाऱ्या प्लाझ्माच्या ढगाचा) वेग घरी काढता येईल का?

येईल, पट्टी आणि कॅल्क्युलेटर पुरे. सोहोवरच्या लॅस्को सी३ या कॅमेऱ्याचे मूळ १०२४ पिक्सेलचे फोटो घ्या. भोवतालचा मंद उजेड दिसावा म्हणून तो सूर्य एका तबकडीनं झाकतो. मधल्या तबकडीवरचं पांढरं वर्तुळ म्हणजे झाकलेल्या सूर्याचा आकार. त्याची त्रिज्या सुमारे १७ पिक्सेल भरते, म्हणजे ६.९६ लाख किलोमीटर. तबकडीपासून कोपऱ्याकडे जाणारा काळा दांडा तिला धरणारा आधार आहे, त्याकडे दुर्लक्ष करा.

ढगाची पुढची कड वर्तुळाच्या केंद्रापासून किती त्रिज्या दूर आहे, ते दोन फोटोंत, एकाच दिशेनं मोजा. समजा ती आधी ८ आणि दोन तासांनी १४ त्रिज्यांवर आहे. ६ × ६.९६ लाख = ४१.७६ लाख किलोमीटर. भागिले ७२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५८० किलोमीटर.

लागोपाठचे फोटो घेण्याचा मोह टाळा. एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४१ हजार किलोमीटर. १२ मिनिटांच्या अंतरात एका पिक्सेलची चूक वेगात सेकंदाला ५७ किलोमीटरचा फरक पाडते, दोन तासांत सहाहूनही कमी. शिवाय कड धूसर असते, दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे होणारच. दोन फोटोंची वजाबाकी करून बनवलेल्या फोटोत ती सोपी सापडते, पण तिच्या मागचा काळा पट्टा खरा नाही. तो आधीच्या फोटोतला ढग आहे.

हा वेग फक्त आडवा, म्हणजे आपल्या नजरेच्या रेषेला काटकोनातला. ढग आपल्याच दिशेनं निघाला असेल तर तो तबकडीभोवती कड्यासारखा पसरतो आणि खरा वेग हाती लागत नाही. सूर्याच्या पाठीमागून निघालेला ढगही तसाच दिसतो, म्हणून त्याच वेळचे एसडीओचे फोटो बघा: समोरच्या बाजूला सौरज्वाला किंवा अचानक काळवंडलेला भाग नसेल, तर बहुधा ढग पाठीमागचा. ५८० च्या वेगानं १५ कोटी किलोमीटर कापायला तीन दिवस लागतात. प्रत्यक्षात सौरवारा (सूर्यातून सतत वाहणारा कणांचा झोत) वेगवान ढगांना रोखतो, मंद ढगांना ओढून नेतो. त्यामुळे हा आकडा ढोबळच समजा.

प्रश्न: सी३ मध्ये आडव्या रेघा आलेला तेजस्वी ठिपका आणि कधी कधी फोटोभर पांढरे कण दिसतात. ते काय?

रेघांचा ठिपका बहुतेक वेळा ग्रह असतो. त्याच्या उजेडानं पिक्सेल भरून वाहतात आणि जास्तीचा विद्युतभार आडवा सांडतो. पांढरे कण म्हणजे सौरवादळातले वेगवान प्रोटॉन थेट सेन्सरवर आदळल्याच्या खुणा. एवढ्या गर्दीत सीएमईची कड मोजू नका.

धूमकेतू शोधायचा असेल तर सलग चार-पाच फोटो लावून बघा. सोहोच्या फोटोंत मार्च २०२४ पर्यंत पाच हजार धूमकेतू सापडले, त्यातले बरेचसे हौशी निरीक्षकांना. धूमकेतू प्रत्येक फोटोत ठरावीक अंतरानं, जवळपास सरळ रेषेत सरकतो. एकाच फोटोत दिसून गायब झालेला ठिपका सोडून द्या.