सिंधुदुर्गातील जत्रा, दशावतार आणि लोककला पाहायच्या असतील तर केव्हा व कसे यावे?

आपला प्रश्न असा आहे की, मालवणचा किनारा आणि किल्ला पाहून झालेला आहे, आता शाळकरी वयाच्या दोन मुलांसह चार-पाच दिवस येऊन सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावांचे उत्सव, दशावतार (जत्रेत रात्रभर चालणारे लोकनाट्य) आणि लोककला पाहायच्या आहेत. त्यासाठी कोणता काळ निवडावा, आणि बाहेरच्या माणसाला या ठिकाणी प्रवेश असतो का? मी कुडाळ तालुक्यातील रहिवासी असल्यामुळे माझे उत्तर साहजिकच या भागाकडे झुकलेले असेल. वेंगुर्ले किंवा देवगडकडील माणूस कदाचित वेगळी गावे सांगेल, आणि त्याचेही बरोबरच असेल.

प्रवेशाची चिंता करू नका. गावच्या जत्रेला तिकीट नसते, निमंत्रण लागत नाही आणि देवळाच्या आवारात बसलेल्या अनोळखी माणसाला कोणी उठवत नाही. खरी अडचण तारखेची आहे. हे उत्सव पाहुण्यांच्या सोयीसाठी भरवलेले नसतात. ते तिथीप्रमाणे होतात, आणि काही ठिकाणी तर देवीचा कौल, म्हणजे देवीला विचारून मिळालेली अनुमती, घेतल्याशिवाय दिवसच ठरत नाही. म्हणून आधी सुट्टी मंजूर करून, रेल्वेचे आरक्षण काढून, मग ‘या आठवड्यात तिकडे काय आहे’ असे विचारण्याचा शहरी क्रम येथे उपयोगाचा नाही. आधी जत्रा निवडावी, तिची तिथी पंचांगात पाहावी, गावातून खात्री करून घ्यावी आणि त्यानंतरच तिकिटे काढावीत.

काळ विचाराल तर कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमेपासून माघापर्यंतचा, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मी सुचवेन. भातकापणी आटोपलेली असते, पाऊस थांबलेला असतो आणि गावोगावच्या ग्रामदेवतांच्या वार्षिक जत्रा एकामागून एक सुरू होतात. या दिवसांत कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले आणि मालवण या तालुक्यांपैकी कोठेही मुक्काम केलात तरी तासाभराच्या अंतरात बहुतेक रोज रात्री कोठे ना कोठे जत्रा किंवा दशावताराचा प्रयोग सापडतो. कोणत्या कंपनीचा, म्हणजे दशावतारी नाटक मंडळीचा, प्रयोग कोठे आहे याची यादी स्थानिक दैनिकांत छापून येते. ती न मिळाल्यास मुक्कामाच्या घरी, किराणा दुकानात किंवा रिक्षावाल्याकडे विचारावे. एखादा चांगला जाणकार भेटला तर तो नुसते ठिकाण सांगून थांबत नाही, आज राजाचे काम कोण करणार आहे आणि स्त्रीपार्ट कोणाचा आहे हेही सांगतो.

जत्रेची रात्र कशी असते हे आधी कळले तर मुलांना घेऊन जाणे सोपे होईल. दिवसभर माहेरवाशिणी आणि मुंबईहून आलेले चाकरमानी देवीची ओटी भरतात, देवापुढे केळी ठेवतात, नवस फेडतात. संध्याकाळपासून दुकाने गजबजतात. गुळाचे आणि आल्याच्या चवीचे मालवणी खाजे, शेंगदाण्याचे कडक लाडू, खेळणी, बांगड्या यांची रांग देवळाच्या वाटेवर लागलेली असते, आणि खाजे घेतल्याशिवाय जत्रेहून घरी जाण्याची पद्धत नाही. रात्री उशिरा देवाची पालखी वाद्यांच्या गजरात देवळाभोवती प्रदक्षिणा घालते, आणि ती झाल्यानंतर दशावतार सुरू होतो. तो मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. त्यामुळे मुलांना दुपारी झोपवून आणावे, अंथरायला चटई आणि अंगावर घ्यायला शाल आणावी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडते आणि थंडी चांगलीच लागते. आमच्याकडची मुले मध्यंतरी आईच्या मांडीवर झोपतात आणि युद्धाचा ताल सुरू झाला की आपोआप जागी होतात.

दशावताराबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण काहीही पूर्वकल्पना नसताना पाहिले तर पहिला तास कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. प्रयोगाचे दोन भाग असतात. पूर्वार्धाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव ही पात्रे येऊन जातात, आणि नंतर वेद पळवणारा संकासुर येतो. काळ्या पोशाखातील हा संकासुर मालवणी बोलीत गावातल्या चालू घडामोडींवर टोमणे मारतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर मुख्य आख्यान लागते. ते रामायण, महाभारत किंवा पुराणांतील एखाद्या कथेवर आधारलेले असते आणि त्याची भाषा भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठी असते. आश्चर्य वाटेल, पण या आख्यानाची लिखित संहिता नसते आणि नेहमीच्या अर्थाने तालीमही होत नाही. प्रयोगापूर्वी रंगायला बसलेल्या नटांना कथानक आणि प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद प्रत्येक जण रंगमंचावर उभा राहून आपल्या पाठांतराच्या व हजरजबाबीपणाच्या बळावर रचतो. म्हणूनच एकच आख्यान दोन गावांत दोन वेगळ्या तऱ्हांनी रंगते. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढेच असते. मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडे, जे प्रसंगानुसार सिंहासन, पर्वत किंवा रथ होते. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात. शेवटी पहाटे दहीकाला होऊन हंडी फुटते. ती पाहिल्याशिवाय उठू नये.

वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, आरोलकर, चेंदवणकर आणि नेरूरची कलेश्वर अशा जुन्या कंपन्यांची नावे आपल्याला वारंवार ऐकू येतील. नटांपैकी अनेक जण पावसाळ्यात स्वतःची शेती करतात आणि हंगामात रात्रीमागून रात्री गावे पालथी घालतात. धूर, विजेचे दिवे आणि चमत्कृती असलेले ‘ट्रिकसीन’ प्रयोगही आता मोठ्या प्रमाणावर होतात. मुलांना ते आवडतील, परंतु पहिला प्रयोग देवळाच्या मंडपातला, साधा पाहावा असे माझे आग्रहाचे मत आहे. दिव्यांच्या झगमगाटात नटाचे बोलणे आणि तालावरची पावले मागे पडतात.

मोठ्या जत्रांपैकी आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचे नाव आपण ऐकलेच असेल. मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या या वाडीत बहुधा फेब्रुवारीत ही जत्रा भरते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि काही आठवडे आधी जाहीर होते. कोकण रेल्वे त्यासाठी विशेष गाड्या सोडते आणि भाविकांची संख्या लाखांच्या घरात जाते. आंगणे कुटुंबांतील स्त्रिया घरोघरी देवीचा प्रसाद मौन पाळून रांधतात, ही या जत्रेतील मला सर्वांत हृद्य वाटणारी गोष्ट. मात्र रांगेत अडकलेल्या पाहुण्याला त्यातले फारसे काही दिसत नाही. भाविक म्हणून यायचे असेल तर जरूर यावे; उत्सवाचे बारकावे पाहायचे असतील आणि सोबत मुले असतील तर या जत्रेने सुरुवात करू नये. सावंतवाडीजवळील सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास होते आणि ती लोटांगणांची जत्रा म्हणून ओळखली जाते. नवस बोललेले पुरुष रात्री देवळाभोवती लोटांगण घालतात, तर स्त्रिया उभ्यानेच ते फेडतात. देवगड तालुक्यात कुणकेश्वरला महाशिवरात्रीची यात्रा असते, आणि तेथे गावोगावचे देव समुद्रस्नानासाठी येतात, तो सोहळा भव्य असतो. गर्दी नको असेल तर कोणत्याही लहान गावाची जत्रा निवडा. माझ्या मते तीच अधिक चांगली.

रात्री जागून काढल्यावर दिवसाचा कार्यक्रम हलका ठेवावा, आणि त्यासाठी दोन ठिकाणे पुरेशी आहेत. कुडाळपासून अगदी जवळ असलेल्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जपलेल्या आहेत. चित्रकथीत एका कथेच्या चित्रांचा संच असतो, त्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरून गात आणि निरूपण करत कथा पुढे नेतो. परशुराम गंगावणे यांना या कार्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने घराजवळच्या गोठ्याचे रूपांतर करून उभारलेले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय आपण पाहावे. तेथे आधी कळवून गेल्यास प्रयोग पाहण्याची शक्यता वाढते, आणि तो विनामूल्य मिळावा अशी अपेक्षा धरू नये; ही कला त्या घरांच्या उपजीविकेचा भाग आहे.

दुसरे ठिकाण सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळण्याचे पारंपरिक गोल पत्ते, रंगवणारे कारागीर काम करताना पाहता येतात. दशावतारी गंजिफाच्या संचात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकी 12 अशी 120 गोल पाने असतात, त्यामुळे आदल्या रात्री दशावतार पाहिलेल्या मुलांना मत्स्य, कूर्म, वराह ओळखण्याचा खेळच मिळतो. ही कला लोप पावत असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी मिळतात. घासाघीस करण्यापूर्वी वस्तू स्थानिक आहे की बाहेरून आणलेली, हे मात्र विचारून घ्यावे.

हिवाळ्यात जमत नसेल तर शिमगा आहे. होळीनंतरच्या दिवसांत गावोगावच्या मांडावर, म्हणजे शिमग्याच्या ठरलेल्या जागेवर, खेळे होतात, आणि नेरूरचे रोंबाट (शिमग्याची वाजतगाजत निघणारी मिरवणूक) त्यातील भव्य प्रतिकृतींमुळे प्रसिद्ध आहे. गणेश चतुर्थीचे दिवस आमचे सर्वांत आनंदाचे असले तरी पाहुण्यासाठी ते सोयीचे नाहीत, कारण उत्सव सार्वजनिक मंडपात नसून घराघरात असतो, निवासाची अनेक घरेही त्या दिवसांत स्वतःच्याच माणसांनी भरलेली असतात आणि रेल्वेचे आरक्षण महिनोन्‌महिने आधी संपते. ओळखीच्या घरी बोलावणे आले तर मात्र माटवीखालचा (फळे-पाने बांधलेल्या छताखालचा) गणपती, रात्रीच्या फुगड्या आणि भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, चुकवू नका.

काही गोष्टी पाहण्याच्या यादीत घालू नयेत. आचरे, चिंदर, शिराळे अशा गावांत गावपळण होते, म्हणजे सगळा गाव गुराढोरांसह काही दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. वृत्तपत्रांतील छायाचित्रे पाहून अनेकांना रिकामे गाव पाहण्याची इच्छा होते, पण ते दिवस नेमके गावात कोणी न जाण्याचे असतात. तसेच देवळात अवसर आलेला (अंगात देव आलेला) असताना किंवा देवाचे प्रतीक असलेल्या तरंगकाठ्या निघताना मोबाइल पुढे करण्यापूर्वी जवळच्या मानकऱ्याला विचारावे. तो नको म्हणाला तर वाद घालू नये. काही देवळांत गाभाऱ्याच्या पुढील भागाचे स्वतंत्र नियम असतात, तेही पाळावेत.

मुक्काम कुडाळ किंवा सावंतवाडीत ठेवावा. दोन्हीकडे कोकण रेल्वेच्या गाड्या थांबतात. कुडाळ मुंबई-गोवा महामार्गालगत आहे, सावंतवाडी शहर मात्र आताच्या महामार्गापासून थोडे आत आहे. सावंतवाडीचे स्थानक शहरापासून दूर मळगावला आहे, एवढे ध्यानात ठेवावे. मांसाहार करणारे असाल तरी जत्रेच्या दिवशी त्या गावात मासळीची अपेक्षा करू नका. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, घावणे, सोलकढी यांवर दिवस छान निघतो. पहाटे दहीकाला झाल्यावर गावातून लगेच एसटी मिळत नाही, त्यामुळे ज्या रिक्षाने किंवा गाडीने जाल तिच्याशीच परतीचे ठरवून ठेवा. चालक बहुधा स्वतःही दशावतार पाहायला थांबतो. आपण कोणत्या महिन्यात येऊ शकता ते कळवल्यास त्या तिथींच्या आसपासची लहान गावांची नावे मी येथेच देऊ शकेन.