रेगनच्या अभ्यासावर पोट भरेल का?

‘मुलगी टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र घेऊन. रात्री उशिरापर्यंत रोनाल्ड रेगन यांची भाषणं ऐकत बसते. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करायला दिल्लीला जायचं म्हणते. माझं खतं-बियाणांचं दुकान आहे, मला यातलं काही कळत नाही. पण जो माणूस १९८९ साली सत्तेवरून गेला, त्याच्या अभ्यासावर पोट कसं भरणार? त्यापेक्षा बी.एड. करायला सांगू का?’
– एक पालक, संगमनेर

नमस्कार,

बी.एड.चं तूर्त राहू द्या. तुमची शंका रास्त आहे, पण ‘जुना विषय’ हे तिचं कारण मला पटत नाही. उलट काळ जुना आहे म्हणूनच त्याचा धड अभ्यास करता येतो. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रं सरकारच्या मालकीची ठरली आणि त्या कायद्याखाली आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणजे रेगन. त्यांच्या कारकिर्दीची टिपणं, बैठकांचे वृत्तान्त, गुप्त तारा टप्प्याटप्प्याने खुल्या होत गेल्या. कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीच्या रेगन लायब्ररीत त्या आहेत आणि बऱ्याचशा घरबसल्या फुकट वाचता येतात. आजच्या व्हाइट हाऊसमध्ये काय शिजतंय यावर टीव्हीवर कुणीही बोलू शकतो, कागद मात्र कुणाच्याच हातात नसतो.

मला काळजी वाटते ती भाषणांची. रेगन मूळचे सिनेनट, ऐकणाऱ्याला बांधून ठेवत. पण भाषणातून धोरण कळत नाही. मार्च १९८३मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटलं. डिसेंबर १९८७मध्ये त्याच साम्राज्याच्या प्रमुखाला, गोर्बाचेव्ह यांना, वॉशिंग्टनला बोलावून ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागायची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार केला. या पावणेपाच वर्षांत काय घडलं, कोण कुणाला काय म्हणालं, कुठला सल्लागार हरला, हा खरा अभ्यास. आठ वर्षांत सहा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. त्यातल्या एकाच्या काळात इराणला चोरून शस्त्रं विकून त्यातला पैसा निकाराग्वाच्या कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवला गेला. अमेरिकी काँग्रेसने त्यांना लष्करी मदत देण्यावर बंदी घातलेली असताना! यात गुंतलेल्या अधिकाऱ्यांनी संगणकावरचे आपले संदेश पुसून टाकले, पण बॅकअप टेपवर राहिलेच. एकट्या नेत्याच्या प्रेमात पडलेल्या विद्यार्थ्याला हे सगळं दिसत नाही.

म्हणून तिच्यासाठी एक काम देतो. ऑक्टोबर १९८६मध्ये आइसलँडच्या रेक्याविकला रेगन आणि गोर्बाचेव्ह दोन दिवस भेटले. सगळी अण्वस्त्रं नष्ट करण्यापर्यंत बोलणी गेली आणि एका मुद्द्यावर फिसकटली. अमेरिकेला उभारायच्या, अंतराळातल्या क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेचे प्रयोग प्रयोगशाळेच्या आतच व्हावेत, असा गोर्बाचेव्ह यांचा आग्रह होता, रेगन मानेनात. या बैठकीची अमेरिकी आणि रशियन अशी दोन्ही टिपणं नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या अमेरिकेतल्या बिगरसरकारी संस्थेने प्रसिद्ध केली आहेत. शेवटच्या सत्राची दोन्ही टिपणं वाचून तिने दोन पानं इंग्रजीत आणि दोन मराठीत लिहावीत. कुणाचं बरोबर हे नको, बोलणी कुठे अडली ते हवं. यात तिला कंटाळा आला तर दिल्लीचा विषय तिथेच संपवा. रात्र जागून पूर्ण केलं तर मात्र तिला अडवू नका.

ती बहुधा जीन कर्कपॅट्रिक यांचं उदाहरण देईल. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या या प्राध्यापिका डेमोक्रॅटिक पक्षाच्या. १९७९मधला त्यांचा एक लेख रेगन यांना आवडला आणि पुढे त्या संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूत झाल्या. ऐकायला छान आहे, पण त्या वाटेवर भरवसा ठेवू नये. तिकडे सरकार बदललं की विद्यापीठं आणि थिंक टँकमधली (म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांमधली) माणसं सरकारात जातात, आपल्याकडे हे क्वचितच होतं. तिने बघावं जॅक मॅटलॉक यांच्याकडे. परराष्ट्र सेवेतला हा अधिकारी रशियन उत्तम जाणणारा. १९८५च्या जिनिव्हा भेटीआधी रेगन यांना रशियाचा इतिहास आणि माणसं समजावून देणारी टिपणं त्यांनी तयार करवली, पुढे ते मॉस्कोत राजदूत झाले. तेव्हा एक परकी भाषा आत्तापासून धरायला हवी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, सुट्टीत चौकशी करून या.

आता भारताचा धागा, कारण इथे बसून अमेरिकेवर लिहिणाऱ्याकडून वाचकाला तोच हवा असतो. १९८१मध्ये रेगन सरकारने पाकिस्तानला ३.२ अब्ज डॉलरची मदत आणि ४० एफ-१६ विमानं देऊ केली, हे ती पाठ सांगेल. मला त्याहून रसाळ वाटतो तो सुपरकॉम्प्युटरचा किस्सा. राजीव गांधी सरकारला अमेरिकेच्या क्रे कंपनीचं यंत्र हवं होतं. पेंटॅगॉनला, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याला भीती, की भारत ते अण्वस्त्रांसाठी वापरेल. शेवटी हवामानाच्या अंदाजासाठी कमी ताकदीचं यंत्र कडक अटींवर मिळालं. इकडे १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा आपला सुपरकॉम्प्युटर तयार झाला. अमेरिकी फायली नेटवर, त्या काळातले लोक पुण्यात. एमएच्या प्रबंधाला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही, आणि संगमनेरच्या मुलीला पुणे काही लांब नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. दिल्लीतल्या जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेत एमएचा प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, फी कमी आहे, दिल्लीतला राहण्याचा खर्च मात्र धरा. अमेरिकेवरचं खास काम पीएचडीला सुरू होतं. नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप. नुसतं नेट झालं तर प्राध्यापकभरतीची वाट बघत तासिका तत्त्वावर दिवस काढणारे तुम्हालाही ठाऊक असतील. यूपीएससीला हाच विषय वैकल्पिक घेता येतो, पण परराष्ट्र सेवेच्या जागा थोड्या. मुंबईत परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणाऱ्या गेटवे हाऊस, ओआरएफ यांसारख्या संस्था आहेत, तिथेही जागा मोजक्याच.

ज्याचा विचार मुलं करतच नाहीत ते क्षेत्र म्हणजे निर्बंध आणि निर्यात नियंत्रण. कुठल्या देशाला काय विकता येत नाही, कुणाशी व्यवहार केला तर अमेरिका दंड ठोकेल, हे बघायला मुंबई-पुण्यातल्या बँका आणि कंपन्या माणसं ठेवतात. क्रे संगणकाची फाईल वाचलेल्या मुलीला ते काम समजायला वेळ लागणार नाही. तिथे कायद्याची पदविका जोडली तर उत्तम, आणि पगार तासिकांपेक्षा नक्कीच बरा.

रेक्याविकची पानं लिहून झाली की मला पाठवायला सांगा. तोवर सीयूईटीच्या अर्जाची तारीख तुम्हीच बघून ठेवा, भाषणांच्या नादात ती हमखास विसरेल.