वाचकांचे प्रश्न : दुबईचा शिक्का वेगळा, इटलीचा वेगळा

प्रश्न : भाऊ, जावई दुबईत कामाला आहे, आता मुलगी आणि दीड वर्षाची नात त्याच्याकडे जाणार. लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा, नातीचा जन्मदाखलाही तिथलाच, त्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच आहे. एजंट म्हणतो दोन्ही कागदांना अपॉस्टील करून देतो, बारा हजार लागतील. आते काय करू?
— एक आजी, चोपडा तालुका

उत्तर : मावशी, आधी त्या एजंटला पैसे देऊ नका. अपॉस्टील म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचं परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर, ते फक्त हेग करारातल्या, म्हणजे एकमेकांचं असं स्टिकर मान्य करणाऱ्या, देशांमध्ये चालतं, करार 1961 चा, आपल्याकडे तो 2005 पासून लागू झाला, पण यूएई, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तो, त्यात नाही. ओमान आहे, बहारीन आहे, सौदी सुद्धा 2022 च्या डिसेंबरपासून आलं, दुबईचं मात्र जुन्याच पद्धतीने करावं लागतं. म्हणजे आधी राज्याचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन (साधा खातरजमेचा शिक्का), मग यूएईच्या वकिलातीचं, आणि तिकडे गेल्यावर जावयाने त्यांच्या परराष्ट्र खात्यातून शेवटचं करून घ्यायचं. जो माणूस दुबईसाठी अपॉस्टील सांगतो त्याला एकतर माहीत नाही किंवा तो सगळ्याच शिक्क्यांना अपॉस्टील म्हणतो, दोन्ही चांगलं नाही.

पण खरं काम गावातच अडलेलं आहे. हे सगळे शिक्के खालची सही आणि पद खरं आहे एवढंच सांगतात, आतला मजकूर कोणी तपासत नाही, मग नाव कोरं असलेला दाखला दिल्लीहून शिक्के घेऊन कोराच परत येईल आणि व्हिसाला अडकेल. ग्रामसेवकाकडे अर्ज देऊन नाव टाकून घ्या, वर्षाच्या आत फुकट होतं, नंतर थोडी लेट फी लागते पण होतं. नवीन दाखला इंग्रजीतही असलेला मागा. आणि तिथेच उभं राहून प्रत्येक स्पेलिंग पासपोर्टशी लावून बघा बरं का, आपल्याकडे दाखल्यावर सुनंदाबाई आणि पासपोर्टवर सुनंदा असं सर्रास असतं, गावात कोणाला काही वाटत नाही पण तिथल्या काउंटरवरच्या माणसाला त्या दोन बाया वाटतात.

बारा हजार जास्त की कमी ते हिशोब बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. परराष्ट्र मंत्रालय साध्या अटेस्टेशनची फी घेत नाही, अपॉस्टीलला कागदामागे 50 रुपये घेतं, वर एजन्सीचा चार्ज. वकिलातीची फी मोठी असते ती वेगळी. एजंटला म्हणा कागदावर लिहून दे, कुठे किती.

प्रश्न : सर मी शिरपूरचा, 2019 ला इंजिनिअरिंग झालं, एनएमयूची (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची) डिग्री. इटलीत मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळतेय, डिग्रीला अपॉस्टील मागितलंय. डिग्री तेव्हाच लॅमिनेट करून ठेवली होती, खराब होऊ नये म्हणून. प्रोव्हिजनल (डिग्रीचं तात्पुरतं सर्टिफिकेट) पण आहे, त्यावर चालेल का?

उत्तर : इटली करारात आहे त्यामुळे तुझं अपॉस्टीलच, वकिलातीच्या शिक्क्याची गरज नाही. पण लॅमिनेशनने घोळ केलाय. अपॉस्टीलचं स्टिकर मूळ कागदाच्या पाठीमागे चिकटवतात, आधीचे शिक्के आणि सह्याही कागदावरच पडायला हव्यात, प्लास्टिकवर नाही. घरी इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने काढायच्या भानगडीत पडू नको, शाई प्लास्टिकला चिकटून येते आणि मग डिग्रीही जाते. सरळ विद्यापीठात बांभोरीला जाऊन डुप्लिकेट डिग्रीचा अर्ज कर, आजच कर, कारण वेळ तिथेच जातो. (दहावीनंतर दुकानात जाऊन सगळे कागद लॅमिनेट करायची आपल्याकडची हौस कधी जाणार देव जाणे.) प्रोव्हिजनलवर अवलंबून राहू नको, इटलीच्या युनिव्हर्सिटीने डिग्री म्हटलंय तर डिग्रीच.

अजून एक, तुझ्या सुरुवातीच्या मार्कशीटवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असेल आणि डिग्रीवर कवयित्री बहिणाबाई चौधरी हे नाव असेल, कारण नाव 2018 ला बदललं. तिकडच्या माणसाला ती दोन विद्यापीठं वाटू शकतात. बांभोरीला गेलाच आहेस तर हे एकच विद्यापीठ आहे असं इंग्रजी पत्र लेटरहेडवर मागून घे, नाहीतर ईमेलवर समजावत बसावं लागेल.

प्रश्न : मूळ कागद कुरियरने पाठवायची भीती वाटते, स्वतः दिल्लीला गेलं तर लवकर होईल का? — एक वाचक, धुळे

उत्तर : नाही होणार. जुलै 2012 पासून परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सींमार्फतच घेतं, त्यांची यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे आणि कलेक्शन सेंटर मुंबईतही आहे. आपल्या गल्लीतला एजंट शेवटी त्यांच्याकडेच देतो. देण्याआधी दोन्ही बाजूंचं स्कॅन ठेवा, पावतीवर कागदाचं नाव आणि नंबर लिहून घ्या, नुसतं 'एक लिफाफा' नको. परत आल्यावर स्टिकरवरचा नंबर मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघा, खोटी स्टिकरंही फिरतात.