कातळशिल्पांच्या कामाला लागताना

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर जाण्याआधी वाडीत जा. रत्नागिरी, राजापूरकडची बरीचशी कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या आकृत्या, खासगी जमिनीत आहेत. सातबाऱ्यावर पाच-दहा नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. एका भावाने होकार दिला म्हणून साफसफाई-कुंपणाचं काम सुरू करू नकोस. गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी आले की सगळ्यांना एकत्र बसव. कुंपण घातलं तर जमीन सरकारजमा होईल ही भीती त्यांच्या मनात खरोखर असते. तिला उडवून लावू नकोस, कागद दाखवून शांतपणे बोल. त्याच सड्यावर उद्या चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, लागू शकते आणि त्यात रोख पैसा असतो, हेही ध्यानात ठेव.

रत्नागिरीजवळच्या उक्षीला गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षण उभं केलं. २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली शिल्पं गेली, त्यात उक्षीही आहे. बैठकीत हेच उदाहरण दे, लांबच्या देशांची नको.

गुराख्यांना विचार. पहिल्या पावसात रेघांत पाणी साचून कुठे आकृती उठते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. गावात कुणी ‘पांडवांचं काम’ म्हटलं तर हसू नकोस, लिहून घे.

साफसफाईला साधा खराटा पुरे. तारेचा ब्रश जांभ्यावर अजिबात नको. फोटोसाठी खडू, चुना, रंग भरू नकोस आणि दुसऱ्यालाही भरू देऊ नकोस. सकाळच्या तिरप्या उन्हात रेघा आपोआप उठून दिसतात.

भातलावणीच्या दिवसांत मात्र कुणाला बोलावू नकोस. आणि पर्यटक यायला लागले की वाट दाखवायचं काम, त्याचे पैसे वाडीतल्या पोरांनाच मिळू देत.